एक लाडू, सारे विषय : तिळगुळातून शिकता येणारी शाळा

जानेवारीच्या मध्यावर महाराष्ट्रातील बहुतेक प्राथमिक शाळांत एकच दृश्य दिसते. प्रार्थना संपते, मुले वर्गात बसतात आणि कुणाच्या तरी घरून आलेला स्टीलचा डबा बाकांवरून फिरू लागतो. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' या वाक्याचा गजर होतो, लाडू अर्ध्या मिनिटात संपतो, बोटे चाटून होतात आणि बाई फळ्याकडे वळून गणिताचे पुस्तक काढायला सांगतात. पुस्तकात उदाहरण असते ते आंब्यांच्या पेटीचे. आंब्याचा हंगाम अजून तीन महिने दूर असतो. मुलांच्या हाताला मात्र अजून गुळाचा चिकटा असतो.

त्या चिकट्यात अपूर्णांक असतात, पदार्थाच्या अवस्था असतात, शब्दांचा प्रवास असतो, महाराष्ट्राचा नकाशा असतो आणि न विचारलेला एक अवघड प्रश्नही असतो. आवडत्या खाऊच्या आधारे शाळेचे सारे विषय शिकवण्याची कल्पना अनेकांना गमतीची वाटते. प्रत्यक्षात ती गंभीर आहे आणि जुनीही आहे. तिचा उपयोग कसा करावा आणि कुठे थांबावे, हे मात्र नीट समजून घ्यावे लागते.

आमिष नव्हे, विषय

खाऊ आणि शिक्षण यांचा संबंध आपल्याकडे बहुधा बक्षिसापुरता असतो. बेरीज बरोबर आली तर गोळी, पाढा म्हणून दाखवला तर चॉकलेट. या व्यवहारात मूल एकच गोष्ट शिकते, ती म्हणजे बेरीज कडू असते आणि ती गिळण्यासाठी गोड लागते. खाऊ हाच अभ्यासाचा विषय झाला, की हे चित्र पालटते. तेव्हा लाडू उत्तराच्या बदल्यात मिळत नाही, तो स्वतःच प्रश्न होतो.

या विचाराला भक्कम परंपरा आहे. अमेरिकेतील तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात सुरू केलेल्या प्रयोगशाळेत लहान मुले स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करीत आणि त्यातूनच मोजमाप, विज्ञान व इतिहास शिकत. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमचा विचार मांडला. हाताने करायच्या एखाद्या उपयुक्त कामाभोवती सर्व विषय गुंफण्याच्या पद्धतीला पुढे 'समवाय' हे नाव रूढ झाले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडावे, असे स्पष्टपणे म्हटले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अनुभवातून शिकण्यावर भर आहे.

धोरणे मोठी असली, तरी वर्गातील वेळ चाळीस मिनिटांचा असतो आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे ओझे शिक्षकांच्या डोक्यावर असते. म्हणूनच एखादा छोटा, ओळखीचा आणि स्वस्त पदार्थ निवडणे शहाणपणाचे ठरते. तिळगुळाचा लाडू या कसोटीला पुरेपूर उतरतो. त्यात मोजके तीन घटक आहेत, तो घरोघरी होतो, तो एका ठरावीक ऋतूत येतो आणि तो वाटण्यासाठीच केला जातो.

गणित : ३० लाडू आणि ३६ मुले

समजा, एका वेळच्या लाडवांसाठी २५० ग्रॅम तीळ, २५० ग्रॅम गूळ आणि १०० ग्रॅम दाण्याचे कूट घेतले. एकूण वजन झाले ६०० ग्रॅम. प्रत्येक लाडू २० ग्रॅमचा केला, तर ३० लाडू होतील. इथवर पहिली-दुसरीच्या मुलांनाही मजा येते. दहा-दहाचे गट करता येतात, लाडू न मोजता अंदाज बांधता येतो, एका लाडवाचे दोन सारखे भाग करून 'अर्धा' म्हणजे काय हे हातात धरता येते.

खरे गणित सुरू होते ते पट मोजल्यावर. वर्गात मुले आहेत ३६. आता काय करावे? एक मार्ग असा, की लाडू लहान करावेत. ६०० ग्रॅमचे ३६ भाग केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसोळा ग्रॅमहून थोडे अधिक येते आणि भागाकार पूर्ण सुटत नाही. उरलेल्या बाकीचे काय करायचे, हा प्रश्न कागदावर कोरडा असतो. परातीत तो अगदी जिव्हाळ्याचा होतो. दुसरा मार्ग म्हणजे साहित्य वाढवणे. येथे बरीच मुले एक ठरावीक चूक करतात. सहा लाडू जास्त हवेत म्हणून ती प्रत्येक घटकात सारखीच भर घालतात. तसे केले, तर कूट प्रमाणाबाहेर वाढते आणि लाडवाची चव बदलते. ३०चे ३६ म्हणजे १.२ पट, म्हणून तीळ ३०० ग्रॅम, गूळ ३०० ग्रॅम आणि कूट १२० ग्रॅम. एकूण ७२० ग्रॅम, म्हणजे बरोबर २० ग्रॅमचे ३६ लाडू. बेरजेने वाढवणे आणि पटीने वाढवणे यांतला फरक पाठ्यपुस्तकात गुणोत्तर-प्रमाण या नावाने पुढे येतो. येथे तो जिभेलाच कळतो.

लाडवांऐवजी वड्या पाडल्या, की भूमिती हजर होते. चौकोनी ताटाची बाजू २४ सेंटिमीटर आणि वडीची ४ सेंटिमीटर असेल, तर ३६ वड्या पडतात. ताट गोल असेल, तर कडेला वेडेवाकडे तुकडे उरतात. ते किती उरतात, चौकोनी वड्यांत जास्त उरतात की शंकरपाळ्याच्या आकारात, हे मुलांनी कागदी गोल कापून पाहावे. तयार लाडवांचे एकूण वजन मात्र पुन्हा करायला विसरू नये. हिशेबाने ७२० ग्रॅम यायला हवे. काटा बहुधा त्याहून कमी दाखवतो. काही ओलावा भाजताना उडून गेलेला असतो, काही गूळ भांड्याला चिकटलेला असतो आणि काही भाग एखाद्याच्या तोंडात गेलेला असतो. 'उरलेले गेले कुठे?' हा प्रश्न विचारायची सवय लागणे, ही विज्ञानाची सुरुवात आहे.

विज्ञान : विरघळणे वेगळे, वितळणे वेगळे

गुळाचा खडा पेलाभर पाण्यात टाकला, तर तो विरघळतो. तोच खडा कढईत टाकून खाली जाळ लावला, तर तो वितळतो. मराठीत हे दोन शब्द स्वतंत्र आहेत, तरीही मुलेच काय, मोठी माणसेही त्यांची सरमिसळ करतात. एका क्रियेला दुसरा पदार्थ लागतो, दुसरीला उष्णता लागते. हा भेद व्याख्या पाठ करून लक्षात राहत नाही. दोन पेले आणि एक कढई पाहिली, की सहसा विसरला जात नाही.

त्याच खड्याचे आणखी तीन प्रयोग सहज होतात. अख्खा खडा आणि किसलेला गूळ, दोन्ही सारख्याच वजनाचे, सारख्याच पाण्यात टाकावेत. कोण आधी विरघळतो? थंड आणि कोमट पाण्यात काय फरक पडतो? ढवळल्याने काय होते? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी साऱ्या तशाच ठेवायच्या, ही प्रयोगाची शिस्त येथे आपोआप येते.

तीळ भाजताना तडतडतात, कारण दाण्यातील ओलाव्याची वाफ होऊन ती बाहेर पडू पाहते. कच्चे तीळ दोन कागदांत ठेवून वाटीने दाबले, की कागदावर पारदर्शक डाग पडतो. गुळाचा ओला डाग वाळतो, तिळाचा डाग तसाच राहतो, कारण ते तेल असते. तिळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेलाचा असतो, हे त्यानंतर सांगितले तर मुलांना पटते. भाजलेल्या आणि कच्च्या तिळांची दोन कुंड्यांत पेरणी करावी. थंडी जास्त असेल तर कोंब यायला थोडे अधिक दिवस लागतील, पण ते एकाच कुंडीत येतील. काही बदल उलटवता येतात, काही येत नाहीत, हे शिकवायला याहून सोपे साधन शोधूनही सापडणार नाही.

पाकाची परीक्षा हा तर घरोघरच्या स्वयंपाकघरातील खरा रसायनशास्त्राचा तास होय. थेंबभर पाक थंड पाण्यात टाकून आजी तो बोटांनी चाचपते. मऊ गोळी वळली, तर पाक लाडवांना योग्य. थेंब कडक होऊन 'टक्' असा वाजला, तर तो चिक्कीला योग्य. उकळताना पाण्याचा अंश कमी होत जातो आणि पाकाचे तापमान चढत जाते. साखरेच्या पाकाची गोळी सुमारे ११५ ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास वळते, तर तो कडक होऊन तुटायला लागतो तो सुमारे १५० अंशांना. आजीकडे तापमापक नसतो, तिची वाटी हाच तिचा तापमापक असतो. अनुभवातून आलेले हे ज्ञान कमी दर्जाचे नाही, हेही मुलांना याच निमित्ताने कळावे.

मात्र हा भाग मुलांनी लांबूनच पाहायचा आहे. उकळता पाक पाण्यापेक्षा अधिक तापलेला असतो आणि तो त्वचेला चिकटून राहतो. वर्गात मुलांच्या हातून लाडू वळून घ्यायचे असतील, तर भाजून गार केलेले तीळ, कूट आणि मऊ गूळ एकत्र कुटून केलेले बिनपाकाचे लाडू हाच सुरक्षित मार्ग आहे.

भाषा : तेलात लपलेला तीळ

'तेल' हा शब्द मुले रोज उच्चारतात. तो संस्कृतातील 'तैल' या शब्दावरून आला आणि 'तैल' म्हणजे तिळापासून निघालेले. अर्थात शेंगदाण्याचे तेल म्हणताना आपण नकळत 'शेंगदाण्याचे तिळाचे' असे काहीसे म्हणत असतो. संस्कृतातील 'शर्करा' या शब्दाचा एक अर्थ खडे, वाळू असा होता. तोच शब्द मराठीत साखर झाला, फारसीत शक्कर, अरबीत सुक्कर आणि युरोपातून फिरून इंग्रजीत शुगर. 'खंड' म्हणजे तुकडा. खडीसाखरेच्या वाचक या शब्दाचा प्रवास अरबीतील 'कंद'मार्गे इंग्रजीतील कँडीपर्यंत झाला. चौथीच्या मुलाला इंग्रजी परकी वाटते. तिच्यात आपल्या घरचे शब्द बसलेले आहेत, हे कळल्यावर तिचे भय थोडे तरी कमी होते.

शुद्धलेखनाचा एक कायमचा गोंधळही लाडवाच्या निमित्ताने सुटू शकतो. 'तीळ' दीर्घ, पण 'तिळाचा' ऱ्हस्व. 'गूळ' दीर्घ, पण 'गुळाचा' ऱ्हस्व. शब्दाला प्रत्यय लागताना असा बदल होतो, हे मुलांनी स्वतः शोधावे. मग फूल-फुलाचा, मूल-मुलाला, पीठ-पिठाचा अशी रांग तीच लावतात. नियम आधी आणि उदाहरणे नंतर, यापेक्षा हा उलटा क्रम अधिक टिकतो.

वाक्प्रचारांची तर लयलूट आहे. तीळ तीळ तुटणे, अंगाचा तिळपापड होणे, एक तीळ सात जणांनी वाटून खाणे, गुळाचा गणपती, गाढवाला गुळाची चव काय. सोबतीला विस्मरणात चाललेले शब्दही येतात. ढेप, काकवी, गुऱ्हाळ, चिपाड, गुळव्या. शहरातील मुलाने काकवी चाखलेली नसते आणि गावाकडच्या मुलाला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटत नसते. या तासाला गावाकडचे मूल जाणकार ठरते, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

लेखनाचा सर्वांत चांगला सराव म्हणजे कृती लिहिणे. एका तुकडीने लाडवाची कृती लिहावी आणि दुसऱ्या तुकडीने ती शब्दशः पाळावी. 'तीळ घ्या आणि गूळ टाका' एवढेच लिहिले असेल, तर किती आणि केव्हा हे प्रश्न लगेच उभे राहतात. नेमके लिहिण्याची गरज लाल शाईच्या शेऱ्याने जितकी पटत नाही, तितकी फसलेल्या लाडवाने पटते.

परिसर अभ्यास : सूर्य, नकाशा आणि पाहुणे

संक्रांतीपासून दिवस मोठा होऊ लागतो, असे मुलांना सांगितले जाते. ते तपासून पाहायला काय हरकत आहे? उत्तर गोलार्धातील सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो, म्हणजे १४ किंवा १५ जानेवारीच्या संक्रांतीच्या तीन आठवडे आधी. पंचांगात किंवा वर्तमानपत्रात छापलेल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा रोज वहीत उतरवल्या, की मुलांना आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. आपल्याकडे जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवायला उशीरच होत जातो, तरीही दिवस मोठा होत असतो, कारण मावळण्याची वेळ त्याहून अधिक पुढे सरकलेली असते.

संक्रांतीची तारीखही कायमची नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, तो मकर संक्रांतीचा दिवस होता. सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस या गतीने ही तारीख पुढे सरकते. याचे कारण पृथ्वीच्या अक्षाची संथ गिरकी. तिसरीच्या मुलाला ते कारण समजणार नाही, पण 'सण त्याच तारखेला का?' हा प्रश्न त्याने विचारलेला असला, म्हणजे पुढे आठवीत उत्तराला जागा तयार असते.

महाराष्ट्राच्या कोऱ्या नकाशावर लाडू मांडून पाहावा. गूळ म्हटला, की कोल्हापूर. तेथील गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तीळ खानदेश, विदर्भ, मराठवाड्याच्या जिरायती शेतांतून येतो. त्याला थोडे पाणी पुरते, उसाला भरपूर लागते. एकाच लाडवात कोरडवाहू आणि बागायती असे दोन महाराष्ट्र एकत्र येतात. जगाच्या नकाशावर तर आणखी मौज आहे. हडप्पा येथील उत्खननात तिळाचे जळालेले दाणे सापडले आहेत, म्हणजे तीळ आपल्याकडे हजारो वर्षे आहे. उसाचे मूळ न्यू गिनीच्या परिसरातले मानले जाते. ज्याला आपण अगदी घरचा समजतो तो शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय दर्यावर्दींनी त्या खंडाशी संपर्क साधल्यानंतरच तो जगभर पसरला. परंपरेच्या लाडवातही पाहुणे असतात आणि ते लाडू बिघडवत नाहीत.

शेजारच्या राज्यांतही हाच सण वेगळ्या रूपात भेटतो. कर्नाटकात तीळ, गूळ, खोबरे व दाणे यांचे मिश्रण वाटून गोड बोलण्याचाच आग्रह धरतात. बिहारमधील गयेचे तिळकूट प्रसिद्ध आहे, आसामात माघ बिहूला तिळाचा पिठा करतात, तर तमिळनाडूत नव्या तांदळाचा आणि गुळाचा पोंगल शिजतो. वर्गात परप्रांतातून आलेले मूल असेल, तर त्या दिवशी त्याच्या घरची चव वर्गापुढे यावी.

रिकाम्या बाकाचा प्रश्न

येथवरचा सारा भाग आनंदाचा आहे. पण लाडवाचा माग प्रामाणिकपणे काढायचा, तर तो गुऱ्हाळाच्या कढईपाशी किंवा कारखान्याच्या धुराड्यापाशी थांबत नाही, तो उसाच्या फडापर्यंत जातो.

१९५० साली प्रवरा नदीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यातून सुरू झालेल्या सहकाराच्या चळवळीने पश्चिम महाराष्ट्राचे रूप बदलले. हे पान इतिहासाच्या पुस्तकात अभिमानाने येते. त्याच पानाची दुसरी बाजू अशी, की कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात बीडसह मराठवाड्यातील आणि इतर दुष्काळी तालुक्यांतील ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबासह फडावर जातात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हटले जाते. त्यांच्यामागे मुलेही जातात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळते, कुणी पाणी भरते, कुणी मोळ्या बांधायला हात लावते.

शालेय वर्षाचा जवळपास निम्मा काळ याच हंगामात येतो. म्हणजे ज्या दिवशी शाळेत तिळगूळ वाटला जातो, त्या दिवशी ऊसतोडीच्या गावांतील वर्गांत काही बाक रिकामे असतात. संक्रांतीच्या हलव्यातील साखर ज्या उसापासून झाली, तो ऊस तोडणाऱ्यांची मुले त्या वर्गात नसतात. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९चा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. फडाजवळ साखरशाळा निघाल्या, मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे सुरू झाली. या उपायांनी अनेक मुलांचे वर्ष वाचले. तरीही स्थलांतरामुळे शाळा तुटण्याचा प्रश्न सुटलेला नाही.

हे लहान मुलांना सांगावे का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. दया उत्पन्न करण्यासाठी ते सांगू नये. हिशेब पूर्ण करण्यासाठी सांगावे. लाडवाची किंमत काढताना मुले तीळ, गूळ आणि गॅस धरतात. कुणाचे श्रम त्यात धरायचे राहिले, एवढा एकच प्रश्न शिक्षकाने विचारला तरी पुरतो. वर्गातच एखादे मूल हंगामाहून परतलेले असेल, तर त्याच्यावर बोट न ठेवता, फडाचे, मोळीचे, बैलगाडीचे ज्ञान असणारा जाणकार म्हणून त्याला बोलू द्यावे. आणि गळिताला गेलेल्या मित्राला वर्गाने पत्र लिहावे. मराठीच्या तासाला पत्रलेखन असतेच. येथे त्याला खरा पत्ता मिळतो.

गोड, पण किती?

खाऊतून शिकवायचे म्हणजे रोज खाऊ द्यायचा, असा अर्थ नाही. उलट गोडाचे मोजमाप हाच एक धडा व्हायला हवा. वर सांगितलेल्या प्रमाणात २० ग्रॅमच्या एका लाडवात सुमारे ८ ग्रॅम गूळ येतो आणि लाडवापासून अंदाजे १०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. वरून घातलेली साखर, गूळ, मध आदींपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. दिवसाला १५०० किलोकॅलरी घेणाऱ्या मुलासाठी ही मर्यादा सुमारे ३७ ग्रॅम होते. एका लाडवाने ती ओलांडली जात नाही. दिवसभर डबे फिरत राहिले, तर मात्र ओलांडली जाते. शेकडेवारीचा याहून उपयोगी प्रश्न कोणता असेल?

तिळात कॅल्शियम भरपूर असते, हे खरे. त्यातले सारेच शरीराला मिळते असे नाही, हेही खरे. गूळ साखरेपेक्षा कमी शुद्ध केलेला असतो, म्हणून त्यात थोडी खनिजे उरतात. पण तो मुख्यतः साखरच असतो आणि दातांवरच्या जंतूंना दोहोंत फरक करता येत नाही. लाडू खाऊन झाल्यावर सर्वांनी चूळ भरणे, हा आरोग्याच्या तासाचा समारोप ठरावा.

काही पथ्ये कटाक्षाने पाळायला हवीत. तीळ आणि शेंगदाणे यांची काही मुलांना तीव्र ॲलर्जी असते. पालकांना आधी विचारल्याशिवाय हा उपक्रम करू नये. मधुमेह असलेल्या मुलाला वेगळे बसवू नये, मोजणी आणि प्रयोगात त्याचा बरोबरीचा वाटा असावा. घरून साहित्य आणायला सांगितले, तर ज्याच्या घरी ते नाही त्याची मान खाली जाते. म्हणून साहित्य शाळेनेच आणावे. आणि लाडू कुणी वळले, कुणाच्या हातचे कुणी खाल्ले, या प्रश्नांना वर्गात स्थान नसावे. सर्वांनी हात धुवायचे, सर्वांनी वळायचे, सर्वांनी खायचे. समतेचा हा पाठ कोणत्याही पुस्तकातल्या पाठाइतकाच मोलाचा आहे.

दोनशिक्षकी शाळेचा मित्र

एका पदार्थाभोवती अभ्यास गुंफण्याचा सर्वाधिक फायदा होऊ शकतो तो जिल्हा परिषदेच्या लहान शाळांना. तेथे पहिली ते चौथीची मुले अनेकदा एकाच खोलीत बसतात आणि एका शिक्षकाला दोन-दोन इयत्ता सांभाळाव्या लागतात. एका इयत्तेला शिकवताना दुसरी रिकामी बसते, ही तिथली रोजची अडचण. लाडू एकच असला, तरी प्रश्न चार पातळ्यांवर विचारता येतात. पहिलीचे मूल लाडू मोजते, दुसरीचे त्यांचे गट करते, तिसरीचे वजन नोंदवते आणि चौथीचे प्रमाण काढते. मोठी मुले लहानांना काटा वाचायला शिकवतात. यासाठी वेगळा निधी लागत नाही. काटा, कढई आणि थोडी तयारी पुरते.

तिळगुळाऐवजी कोकणातील शाळेने उकडीचा मोदक घ्यावा, विदर्भातील शाळेने संत्र्याची बर्फी घ्यावी. तत्त्व एकच. पदार्थ मुलांच्या परिसरातला असावा, तो मोजता यावा, त्याचा माग काढता यावा आणि तो सर्वांना सारखा मिळावा.

आठवड्याचे नियोजन

सोमवार : तीळ, गूळ, दाणे पाहणे, हुंगणे, तोलणे, ओळखीचे व अनोळखी शब्द वहीत लिहिणे.

मंगळवार : विरघळण्याचे प्रयोग, तेलाचा डाग, कच्च्या व भाजलेल्या तिळांची पेरणी.

बुधवार : पटसंख्येनुसार प्रमाण काढणे, दुकानातील भाव विचारून एका लाडवाची किंमत ठरवणे.

गुरुवार : नकाशावर घटकांची गावे शोधणे, ऊस कोण लावतो, कोण तोडतो, कोण वाहतो याची साखळी मांडणे, पत्रलेखन.

शुक्रवार : हात धुऊन बिनपाकाचे लाडू वळणे, पुन्हा वजन करणे, घटीचे कारण शोधणे, कृती लिहून काढणे.

शनिवार : लाडू वाटणे आणि खाणे. गैरहजर असलेल्यांचे लाडू मोजून बाजूला ठेवणे.